स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास आणि पुण्यातली संग्रहालयं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या संग्रहालयांत आणि स्मारकांत आम्ही काही जण मिळून फेऱ्या, जाहीर वाचनं आणि छोटी प्रदर्शनं घेतो. विषय एकच: बायकांना मत कसं मिळालं. येणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न तसे आहेत.

बायकांना मत घटनेनं पुरुषांबरोबरच दिलं ना? मग लढा कसला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत शिकलेली, वाचणारी माणसंही असतात. शाळेच्या पुस्तकात प्रौढ मताधिकार एका ओळीत येतो आणि पुढचा धडा सुरू होतो. त्यामुळे अनेकांची समजूत अशी असते की इंग्लंडच्या बायकांना झगडावं लागलं आणि आपल्या बायकांना मत आपोआप मिळालं.

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री एडविन माँटेग्यू मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं एक शिष्टमंडळ त्यांना भेटलं. नव्या सुधारणांत स्त्रियांनाही पुरुषांच्याच अटींवर मत मिळावं, अशी त्यांची मागणी होती. पुढे मताधिकार ठरवायला साउथबरो समिती नेमली गेली. तिने ही मागणी बाजूला सारली: समाज अजून तयार नाही, पडदा आहे, घाई नको. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची विशीतली लेक मिठन थेट लंडनला गेल्या आणि संसदेच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. ही मिठन म्हणजे पुढच्या बॅरिस्टर मिठन लाम. लंडनने निर्णय स्वतः न घेता प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. मग प्रत्येक प्रांतात वेगळी खटपट आली. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि पाठोपाठ मुंबई इलाख्याने स्त्रियांना मत दिलं. संयुक्त प्रांताने १९२३ मध्ये दिलं, बंगालने १९२५ मध्ये. निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क १९२६ मध्ये आला. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने स्त्री मतदारांची संख्या वाढून साधारण साठ लाखांवर गेली, तरी पुरुष मतदार तेव्हा त्यांच्या पाचपट होते. आणि १९५० मध्ये घटनेच्या ३२६ व्या कलमाने मालमत्ता, शिक्षण, जात, लिंग यांपैकी कसलीच अट ठेवली नाही.

मद्रासच्या त्या भेटीपासून घटनेपर्यंत तेहेतीस वर्षं गेली. अर्ज, साक्षी, सभा, ठराव, तारा यांत एका पिढीची उमेद खर्च झाली. हे ज्यांनी केलं त्यांची नावं आपल्याला माहीत असायला हवीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. कार्यक्रम सुरू केले ते त्यासाठीच.

यात पुण्याचा काय संबंध? सगळं मद्रास-मुंबईतच घडलेलं दिसतं.

पुण्याचा संबंध मोठा आहे, फक्त त्यावर पाट्या लागलेल्या नाहीत.

रमाबाई रानडे यांचं नाव आपण सेवासदनामुळे घेतो. पुण्यात सेवासदन १९०९ मध्ये सुरू झालं. परिचारिका आणि शिक्षिका होऊ पाहणाऱ्या कितीतरी विधवांना त्याने पायावर उभं केलं. त्याआधी १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. आणि १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातली स्त्री मताधिकाराची चळवळ उभी करण्यात त्या पुढे होत्या. म्हणजे वयाच्या साठीला, न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर वीस वर्षांनी. लक्ष्मी रस्त्यावर सेवासदनावरून जाताना रमाबाईंची एवढी तरी ओळख मनात असावी.

दुसरी जागा फर्ग्युसन महाविद्यालय. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन ५ ते ८ जानेवारी १९२७ या दिवसांत इथे भरलं. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. बोलावणं मार्गारेट कझिन्स यांनी धाडलं होतं. या बाई मूळच्या आयर्लंडच्या, तिकडच्या मताधिकार लढ्यात तुरुंगवास भोगून आलेल्या. १९१७ च्या मद्रासच्या शिष्टमंडळामागेही त्याच होत्या. पुण्यातल्या अधिवेशनाचा विषय मुलींचं शिक्षण एवढाच होता. पण नुसत्या शिक्षणावर बोलून भागत नाही, हे लवकरच कळलं. मुलगी बाराव्या वर्षी सासरी गेली तर शाळेत कोण बसणार? म्हणून बालविवाह रोखणाऱ्या कायद्याची मागणी आली. कायदा करणाऱ्या सभेत बायका नसतील तर तो कोण करणार? म्हणून मताधिकाराची मागणी आली. १९३० च्या दशकात सरसकट प्रौढ मताधिकार मागणाऱ्या, स्त्रियांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत असं ठामपणे सांगणाऱ्या संघटनांत ही परिषद आघाडीवर होती.

तिसरी गोष्ट: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे साक्ष दिली ती पुण्यात. मालमत्तेची अट काढा, प्रौढ स्त्री-पुरुष सगळ्यांना मत द्या, ही त्यांची भूमिका होती. स्त्री मताधिकाराच्या गप्पांत हे नाव अनेकदा येतच नाही. आम्ही ते आवर्जून घेतो.

कुठल्या संग्रहालयात नेमकं काय बघायचं?

हा इतिहास एका दालनात बसत नाही. तो शहरभर विखुरलेला आहे, म्हणून फेरी काढावी लागते.

*गंज पेठेतला फुले वाडा.* सुरुवात इथून, कारण मताआधी अक्षर आलं. सावित्रीबाईंची मुलींची शाळा १८४८ ची. १९३५ च्या कायद्यात लिहिता-वाचता येणं ही स्त्रियांना मतदार होण्यासाठी अनेक प्रांतांत एक पात्रता होती. घरात जमीनजुमला नसलेली बाई केवळ शाळेत गेली होती म्हणून मतदार होऊ शकली, याचं मूळ या वाड्यात आहे. शिवाय जोतीरावांच्या मागे सत्यशोधक समाजाची धुरा सावित्रीबाईंनी सांभाळली, १८९३ च्या सासवडच्या परिषदेत त्या अध्यक्ष होत्या. म्हणजे स्त्री मत देऊ शकेल का यावर सरकारदरबारी खल सुरू होण्याच्या वीसेक वर्षं आधी एक स्त्री चळवळ चालवत होती. मुलींची ती पहिली शाळा भरलेला बुधवार पेठेतला भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला गेला. त्या जागेसमोरही आम्ही थोडा वेळ थांबतो.

*राजा दिनकर केळकर संग्रहालय.* इथे मताधिकाराचा कागद नाही. इथे आम्ही वस्तूंपाशी थांबतो. वज्रीचंच बघा. पायाच्या टाचा घासायची ही पितळी वस्तू खालून खरखरीत असते, वर मूठ म्हणून पक्षी नाहीतर हत्ती. शेजारी कुंकवाचे करंडे, फण्या, अडकित्ते. हातात धरून धरून कडा गुळगुळीत झालेल्या. ही कारागिरी बघून सगळे हरखतात आणि हरखावंच. मग आम्ही एवढंच विचारतो: ही वज्री कोणाची होती? घडवणाऱ्याचं नाव नाही, वापरणारीचंही नाही. ज्या बाईचं नाव तिच्या रोजच्या वस्तूबरोबरही उरलं नाही, तिचं नाव मतदार यादीत येणं केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या काचेसमोर उभं राहिल्यावर समजतं.

*आगाखान पॅलेस.* १९१७ चं शिष्टमंडळ घेऊन जाणाऱ्या सरोजिनी नायडू १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांच्याबरोबर इथे स्थानबद्ध होत्या. मत मागायला सुरुवात करून पंचवीस वर्षं झाली होती आणि त्या कैदेत होत्या. नगर रस्त्यावरून आत आल्यावर लोक सहसा कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाधीकडे जातात. आम्ही आधी सरोजिनीबाईंविषयी बोलतो, मग समाधीकडे जातो.

*सेनापती बापट रस्त्यावरचं डॉ. आंबेडकर संग्रहालय.* बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू इथे आहेत. सायमन आयोगापुढच्या साक्षीतला मताधिकाराचा भाग आम्ही इथे मोठ्याने वाचतो.

एका दिवसात ही सगळी ठिकाणं करू नका. दोन पुरेत.

१९२१ मध्ये मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं, म्हणजे नक्की कोणाला?

फार थोड्या जणींना. अट मालमत्तेची होती: शेतसारा, घरभाडं किंवा आयकर ठरावीक रकमेच्या वर भरला पाहिजे. ही अट पुरुषांनाही होतीच, पण जमीन आणि घर बायकांच्या नावावर असायचं कुठे?

हे समजावून सांगायला आमच्याकडे चिठ्ठ्यांचा एक खेळ आहे. प्रत्येकाला १९२१ सालच्या पुण्यातल्या एका बाईची चिठ्ठी मिळते. नारायण पेठेत स्वतःच्या नावावर वाडा असलेली विधवा. नामांकित वकिलाची बायको, घरात चार नोकर. मंडईत भाजी विकणारी. विड्या वळणारी. मुलींच्या शाळेतली मास्तरीण, भाड्याच्या एका खोलीत राहणारी. मग विचारायचं, मत कोणाला? जिला मिळेल असं वाटतं तिने पुढे यायचं. वकीलीणबाई हमखास पुढे येतात आणि त्यांना परत पाठवावं लागतं, कारण घर, शेत, उत्पन्न सगळं वकीलसाहेबांच्या नावावर. पुढे उरते ती विधवा. ज्या बाईला त्या काळी लग्नाच्या मांडवात कोणी उभं करत नव्हतं, तीच मतदार. यावर खूप बोलणं होतं आणि आम्ही ते होऊ देतो.

१९३५ च्या कायद्यानंतर मतदार पुरुषांच्या बायकांना, पात्रतेत बसणाऱ्या विधवांना आणि साक्षर स्त्रियांना वाट मिळाली. भाजीवाली आणि विडीवाली मात्र १९५० पर्यंत बाहेरच होत्या. दलित स्त्रियांचं तेच. मताधिकाराचा इतिहास सांगताना महाराण्या आणि बॅरिस्टरणींवर थांबलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

इंग्लंड-अमेरिकेचा भाग कशाला घेता?

कारण धागे खरोखर जुळलेले आहेत. पंजाबचे शेवटचे महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया लंडनच्या लढ्यात होती. मत नाही तर कर नाही म्हणत तिने दंड भरायलाही नकार दिला, तेव्हा तिचे दागिने जप्त झाले. १९११ मध्ये हेराबाई टाटांची काश्मीरमध्ये तिच्याशी गाठ पडली आणि तिथून हेराबाईंना या विषयाची गोडी लागली. आपल्या पंडिता रमाबाईंनी तर त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, अमेरिकेतल्या लोकस्थितीवर मराठीत प्रवासवृत्त लिहिलं आणि तिथल्या स्त्रियांच्या संघटना कशा चालतात ते मराठी वाचकांना सांगितलं. अमेरिकेत सेनेका फॉल्सला स्त्री हक्कांची पहिली परिषद भरली ते साल १८४८, पुण्यातल्या शाळेचंच.

आणि एक तुलना आम्हाला महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये १९१८ मध्ये मत मिळालं ते तिशीपुढच्या स्त्रियांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये, मालमत्तेच्या अटीसकट, स्त्री आणि पुरुष यांना एकच नियम लागू झाला. स्वित्झर्लंडच्या स्त्रियांना देशपातळीवर मत १९७१ मध्ये मिळालं. सगळं तिकडून इकडे आलं, असं समजणाऱ्यांनी या तारखा एका ओळीत लिहून बघाव्यात.

पुण्यात विरोधही झाला होता. तो सांगता का?

सांगतो, नावानिशी सांगतो. हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या अभ्यासक्रमावर लोकमान्य टिळकांनी ‘मराठा’ पत्रातून टीका केली होती. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणायचं ठरलं तेव्हा, पैसे अपुरे आहेत, आधी मुलग्यांचं बघू, असं म्हणणारा गट मोठा होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाई रानडे मुलींच्या बाजूने उभे राहिले, बायका मिरवणुकीने रस्त्यावर उतरल्या, सभा उधळल्या गेल्या. ज्यांच्याबद्दल आपल्या मनात आदर आहे त्यांची या प्रश्नावरची भूमिका चुकली होती, असं म्हटल्याने आदर कमी होत नाही. श्रोत्यांतलं कोणी दुखावलं तर आम्ही बसून बोलतो, पण हा भाग गाळत नाही.

‘नावांचा तक्ता’ म्हणजे काय? घरून काही आणायचं असतं का?

आजीचं आणि पणजीचं नाव आणा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असताना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयोगाने, सुकुमार सेन तेव्हा मुख्य आयुक्त होते, ठरवलं की अशा नोंदी चालणार नाहीत, मतदाराचं स्वतःचं नाव हवं. मुदत वाढवली, पुन्हा घरोघर विचारणा झाली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावं वगळावी लागली. त्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतल्या होत्या.

आपल्याकडे असं नव्हतं म्हणून निश्चिंत होऊ नका. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवीन नाव लिहायची पद्धत आपलीच. पणजीचं जन्मनाव सांगा म्हटलं की कार्यक्रमाला आलेली माणसं फोन काढून आईला, मावशीला, गावच्या काकांना विचारू लागतात. काहींना उत्तर मिळतं, काहींना ‘सगळे तिला वहिनीच म्हणायचे’ एवढंच. जे नाव मिळेल ते मोठ्या अक्षरात तक्त्यावर लिहायचं. न मिळालं तर जागा रिकामी ठेवून खाली आपलं नाव आणि नातं लिहायचं. पुढच्या वेळी येऊन ती जागा भरणारेही असतात, आणि तो आमच्यासाठी फार आनंदाचा क्षण असतो.

मुलांना आणलं तर चालेल?

पाचवीच्या पुढची मुलं जरूर आणा. त्यांच्यासाठी १९५१-५२ चं मतदान करतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह. शिक्का मारायचा नाही. आडोशामागे जाऊन मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्या मतदाराला आपलं मत दुसऱ्याच्या मदतीशिवाय देता यावं म्हणून ही सोय. पुठ्ठ्याच्या पेट्या मुलंच बनवतात.

पुरुषांनी यावं का?

हो. प्रांतांच्या कायदेमंडळांत या ठरावांच्या बाजूने हात वर करणारे सगळे पुरुषच होते, कारण दुसरं कोणी तिथे नव्हतंच.

तिकीट, वेळ, फोटो?

आमच्या फेरीचे पैसे नसतात. संग्रहालयाचं तिकीट ज्याने त्याने काढायचं. वेळा आणि सुट्टीचे वार बदलतात, आदल्या दिवशी संग्रहालयाला फोन करून खात्री करा. फोटोचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे. फ्लॅश कुठेच नको.

गुडघ्यांचा त्रास आहे, जमेल का?

जुन्या इमारतींत जिने आले. तुम्हाला चढणं अवघड असेल तर आधी कळवा, तुमच्यासाठी तळमजल्यावरचा भाग आणि वाचन असा क्रम लावतो. आगाखान पॅलेसचा बाहेरचा परिसर सपाट आहे. ज्येष्ठ मंडळींनी गुडघ्यांपायी घरी बसू नये, कारण पहिल्या निवडणुकांत आपल्या आईला मतदानाला जाताना पाहिलेली माणसं तीच आहेत. त्यांच्याकडून आम्हालाच ऐकायचं असतं.

आमच्या महिला मंडळाला किंवा शाळेला स्वतः असा कार्यक्रम करायचा आहे. कधी आणि कसा करावा?

पुण्यात यासाठी जानेवारीसारखा महिना नाही. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, ५ ते ८ महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे दिवस, २५ तारखेला राष्ट्रीय मतदार दिन आणि त्याच दिवशी रमाबाई रानडे यांची जयंती. फर्ग्युसनमधल्या त्या अधिवेशनाला जानेवारी २०२७ मध्ये शंभर वर्षं होतात. त्या दिवसांत शहरातल्या प्रत्येक शाळेत यावर निदान एक तास व्हावा, अशी आमची इच्छा आहे.

साहित्यासाठी खर्च फार नाही. गोखले संस्थेचं ग्रंथालय, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, विश्रामबागवाड्यातलं शासकीय ग्रंथालय इथे जुनी नियतकालिकं आणि अहवाल मिळतात. ‘स्त्री’ मासिकाचे १९३० पासूनचे अंक जरूर चाळा, त्यातल्या जाहिरातीसुद्धा. पण पंधरा कागद भिंतीवर लावून लोकांना फिरवू नका. एकच कागद निवडा, दोघींनी मोठ्याने वाचा, मग बोलू द्या. भाषण वीस मिनिटांच्या आत आटोपा. प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारात वेळ गेला तर वाचनाला तो उरत नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

आजच्या राजकारणावर बोलता का?

पक्षांवर नाही. हक्कांवर बोलतो. १९८९ पासून मताचं वय अठरा झालं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे. १९१७ नंतरच्या घटनाक्रमात हेही मोडतं, म्हणून सांगतो.

घरी आजीची जुनी मतदार चिठ्ठी, सभेचं पत्रक किंवा फोटो सापडला आहे. काय करू?

सर्वात आधी, लॅमिनेशन करू नका. उष्णतेने आणि प्लास्टिकने कागद कायमचा बिघडतो, पुन्हा सोडवता येत नाही. फाटलं असेल तर चिकटपट्टीही नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा डाग पाडतो. घड्या असतील तर हलक्या हाताने उघडा, न उघडणारी घडी तशीच ठेवा. दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवून सपाट फाईलमध्ये घाला आणि ती फाईल स्वयंपाकघराची ओल लागणार नाही अशा कपाटात ठेवा. फोटोच्या मागे शाईने नाही, मऊ पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, साधारण कधी. आणि ज्यांना त्यातली माणसं ओळखता येतात त्या आत्या-मावश्यांना या महिन्यातच भेटा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. फोटोची प्रत आणि आजीचं पूर्ण नाव पुरतं.